इंजिन माणसापासून लांब

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी विमानांचे आणि अवकाशयानांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे खरी उडालेली विमाने आहेत. चंद्रावर उतरण्यासाठी बांधलेल्या यानांपैकी एक यान आहे. आणि त्याच संग्रहालयाकडे एक असे जहाज आहे, जे कधी कुठेच गेलेले नाही. लांबीला अकरा फुटांहून थोडे जास्त. लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक यांचे बनवलेले. १९७४ साली ते संग्रहालयाला भेट मिळाले आणि २०१६ साली डागडुजी करून, आत नवे दिवे बसवून पुन्हा लोकांसमोर मांडले गेले. 'स्टार ट्रेक' या गाजलेल्या टीव्ही मालिकेतले 'एंटरप्राइज' नावाचे अवकाशयान ते हेच.

वाचक बंधू-भगिनी म्हणतील, आपल्या कुटुंबाच्या पानावर हे कुठले जहाज आणले? इथे मुलांच्या शिक्षणावर लिहावे, लग्नातल्या खर्चावर लिहावे. बरोबर आहे. पण आमच्या घरात या जहाजावरून गेली चाळीस वर्षे बोलणे चालू आहे, आणि ते बोलणे शेवटी आमच्या घरातल्या एका मुलीच्या शिक्षणापर्यंत येऊन पोहोचले. म्हणून लिहितो.

आम्ही म्हणजे तिघे भावंडे. थोरली ताई बालवाडीत शिकवते, मधला हायवेच्या कडेला गॅरेजमध्ये आहे, धाकटा शाळेत शिक्षक आहे. राहणार वारजे. आम्ही लहान होतो तेव्हा वारजे पुण्यात नव्हते, पुण्याजवळ होते. महापालिकेत ते १९९७ साली आले. आजूबाजूला शेते होती, मुठा नदी होती, आणि वस्तीत नळाला पाणी आले की भांडणे होती. टीव्ही मात्र स्वच्छ दिसायचा. त्याचे कारण सिंहगड. गडावर दूरदर्शनचा मनोरा आहे, मुंबईचे कार्यक्रम तिथून पुण्याला मिळू लागले ते १९७३ पासून. वारज्यातून गड दिसतो. अँटेनाचे तोंड गडाकडे करून ठेवले की झाले काम. एशियाडनंतर आमच्या गल्लीत एकाच घरात टीव्ही आला होता, तोही काळापांढरा, आणि रविवारी सकाळी त्या घरात पाय ठेवायला जागा नसे. उशिरा येणारे खिडकीला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला दूरदर्शनने रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' दाखवली. अमेरिकेत ती १९६६ पासून १९६९ पर्यंत झालेली, एकूण ७९ भागांची. आपल्याकडे आली तोवर तिकडे ती शिळी झाली होती, पण आम्हांला काय ठाऊक. सगळे बोलणे इंग्रजीत. आमच्यापैकी एकालाही धड इंग्रजी येत नव्हते. कोण कोणावर का रागावले आहे, हिरव्या तोंडाचा माणूस काय मागतो आहे, काही कळत नसे. मग राहिले काय? जहाज. इंग्रजी शाळेतल्या मुलांनी गोष्ट पाहिली असेल, आम्ही जहाज पाहिले. त्यातल्या त्यात त्याच्या अंगावरचे आकडे आम्हांला वाचता येत: १७०१. धुरकट पडद्यावर, खिडकीतूनसुद्धा. हे आपोआप झाले नव्हते, असे पुढे कळले. जहाजाचा आराखडा काढणाऱ्याने ३, ६, ८ आणि ९ हे आकडे मुद्दाम टाळले होते, कारण लांबून ते एकमेकांसारखे दिसतात.

ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक मोठी चपटी थाळी डोळ्यांपुढे आणा. तिच्या पोटाखाली एक मान, मानेखाली जाडसर नळकांडे. त्या नळकांड्याच्या पाठीतून दोन तिरके खांब वर निघालेले, आणि खांबांच्या टोकाला दोन लांब नळकांडी, कशालाही न चिकटलेली, हवेत ठेवल्यासारखी. थाळीत माणसे राहतात, काम करतात. वरच्या दोन नळकांड्यांत इंजिने. मालिकेतल्या हिशेबाने लांबी ९४७ फूट, म्हणजे २८९ मीटर. रेल्वेचे तेरा डबे एकापुढे एक लावले तर साधारण तेवढे होतात. माणसे ४३०.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते एका रविवारी आमच्याबरोबर खाली बसले होते. अण्णा तेव्हा कामावर नव्हते. १९८१ साली एका छोट्या प्रेस शॉपमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. पॉवर प्रेस ज्यांनी चालवली आहे त्यांना सांगायला नको. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, वरून पंच येतो, माल कापला जातो, तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. दिवसाला काही हजार वेळा. पंचापुढे जाळीचा गार्ड असतो. हात आत असेल तर गार्ड पुरता खाली येत नाही आणि पंच पडत नाही. पण गार्डमुळे नग कमी निघतात. म्हणून त्या शॉपमध्ये गार्ड तारेने वर बांधून ठेवलेला होता. त्या काळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमात धोक्याच्या यंत्राला आडोसा घालणे मालकाला बंधनकारक होते. कायदा कागदावर होता आणि गार्ड तारेवर. पुढे नुकसानभरपाईचे काय झाले ती गोष्ट वेगळी, ती इथे नको.

तर त्या रविवारी जहाज पडद्यावर आले, डावीकडून उजवीकडे हळूहळू गेले. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इंजिन माणसापासून लांब ठेवलंय बघा." आणि थोड्या वेळाने, "हे ज्यानं काढलंय त्यानं हात काळे केलेत कधीतरी. नुसत्या चित्रं काढणाऱ्याला हे सुचायचं नाही."

आम्ही पोरे होतो. आम्हांला वाटले, दिसायला छान दिसते म्हणून तसे असेल.

पुढे धाकट्याला इंग्रजी वाचता येऊ लागले. अप्पा बळवंत चौकातून रद्दीच्या भावात आणलेली पुस्तके, मासिके, नंतर मुलांच्या मोबाइलवर मिळाले ते, असे करत करत या जहाजाच्या जन्माची हकिगत आमच्या घरी गोळा झाली. ती वाचताना अण्णांचे वाक्य आठवून आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

मालिका निर्माण करणारे जीन रॉडेनबेरी हे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते, नंतर लॉस एंजेलिसच्या पोलिसांत नोकरी केलेली. जहाजाचा आराखडा काढायचे काम त्यांनी मॅट जेफरीज यांना दिले. हे जेफरीजही त्याच युद्धात बॉम्बफेकी विमानांवर असलेले. विमान म्हणजे त्यांचा जीव की प्राण. स्वतःचे एक जुने विमान त्यांनी बाळगले होते आणि त्याच्या दुरुस्तीत ते रमत. रॉडेनबेरींनी त्यांना काय हवे ते सांगितले नाही, काय नको ते सांगितले. पंख नकोत, रॉकेट नको, शेपटीतून धूर आणि जाळ नको. पण बघणाऱ्याला वाटले पाहिजे की यात प्रचंड ताकद आहे. जेफरीजनी तोवरच्या चित्रकथांतली आणि सिनेमांतली अवकाशयाने जमवली आणि ठरवले की यातले काहीच करायचे नाही.

मग ते कामाला लागले आणि त्यांनी पहिला विचार केला तो इंजिनाचा. इतकी ताकद असलेले इंजिन म्हणजे जवळ बसण्याची वस्तू नव्हे. त्यातून काय बाहेर पडेल सांगता येत नाही. तेव्हा ते माणसांच्या राहण्याच्या जागेपासून जितके दूर नेता येईल तितके नेले. दुसरा विचार असा की, विमानाच्या कामात इंजिन बिघडले की ते जागेवर उघडत बसत नाहीत. अख्खे उतरवतात आणि दुसरे चढवतात. तसे हेही सुटे करता आले पाहिजे. म्हणून खांबावर. माणसे राहण्याचा भाग त्यांनी आधी चेंडूसारखा गोल काढला होता. तो बोजड दिसू लागला म्हणून चेपत चेपत त्याची थाळी झाली.

अण्णांनी जे काळ्यापांढऱ्या टीव्हीवर दहा सेकंदांत ओळखले ते हेच. लोक म्हणतात कामगाराला डिझाइन काय कळते. ज्याचा हात मशीनमध्ये गेला आहे त्याला कळते.

पण आमच्या मते त्या जहाजातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही नव्हे. ती बाहेरून दिसतसुद्धा नाही. जहाजाचे बाहेरचे अंग बघा, गुळगुळीत आहे. ना बोल्ट, ना पाइप, ना झाकणे. नंतरच्या सिनेमांतली बरीचशी अवकाशयाने बाहेरून पाइपांनी लडबडलेली असतात, प्रेक्षकाला वाटावे की केवढे यंत्र आहे. जेफरीजचे म्हणणे साधे होते. यंत्र म्हटले की ते बिघडणार. बिघडले की कुणालातरी दुरुस्तीला जावे लागणार. आणि दुरुस्तीसाठी अवकाशाइतकी वाईट जागा दुसरी नाही. मग जे काही उघडावे लागेल ते सगळे आतच ठेवा, म्हणजे दुरुस्ती करणारा माणूस साध्या कपड्यांत, श्वास घेत काम करील.

हे वाचल्यावर मधल्याने पुस्तक मिटले आणि चहा प्यायला बाहेर गेला. त्याचे गॅरेजमधले निम्मे आयुष्य गाडीच्या खाली गेलेले आहे. एक छोटा नट काढायला वरचे चार भाग काढावे लागतात, पान्याला फिरायला जागा नसते, हात सोलून निघतो. गाडी काढणाऱ्याने गाडी चालवणाऱ्याचा विचार केलेला असतो, विकणाऱ्याचा तर फारच केलेला असतो. उघडणाऱ्याचा नाही. आणि गाडीचे सोडा, आपल्या शहरांच्या गटारांचे काय? ती बांधताना त्यात कधी काही तुंबणार नाही असे धरून चाललेले दिसतात. तुंबल्यावर चेंबरमध्ये माणूस उतरवायचा, आणि तो कुठल्या वस्तीतला असतो ते या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. माणसाला गटारात उतरवण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. आत मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. पैशाचा आकडा वाढतो आहे. चेंबरचा आराखडा कुणी बदलायला घेतला तर तो आकडा वाढवावा लागणार नाही.

असो. जहाजाकडे येतो. आत एक तिरकी नळी होती, तिच्यात शिडीच्या पायऱ्या, भोवती तारा आणि बटणे. जहाजाचा मुख्य इंजिनिअर स्कॉटी त्यात शिरून दुरुस्ती करायचा. मालिकेच्या लोकांनी त्या नळीला 'जेफरीज ट्यूब' असेच नाव दिले. एखाद्या आराखडेकाराचे नाव दुरुस्तीच्या बोळाला दिले जावे याच्याइतका मान आमच्या मधल्याच्या मते दुसरा नाही. त्याने गॅरेजमधल्या खड्ड्याला, ज्यात उभे राहून गाडीचे पोट उघडतात, हेच नाव दिले आहे. तिथल्या पोरांना ते कुठल्याशा कंपनीचे नाव वाटते.

आता त्या स्कॉटीविषयी. काम करणारे नट जेम्स डूहान हे मूळचे कॅनडाचे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जे सैन्य उतरले त्यात ते होते. त्याच दिवशी रात्री त्यांना गोळ्या लागल्या आणि उजव्या हाताचे मधले बोट गेले. पुढे नट झाल्यावर कॅमेऱ्यासमोर ते हा हात लपवत. कधी पाठीमागे, कधी काहीतरी धरलेले. सगळ्या भागांत मिळून फार थोड्या ठिकाणी तो दिसून जातो. म्हणजे ज्या जहाजाचे इंजिन माणसापासून लांब ठेवले होते, त्याच्या इंजिनवाल्याचे एक बोट नव्हते.

हे आम्हांला कळले तेव्हा धाकट्याने अण्णांना वाचून दाखवले. अण्णांनी विचारले, "कुठल्या हाताचं?"

"उजव्या."

"कुठलं बोट?"

"मधलं."

अण्णांनी आपला हात पुढे धरून बघितला. त्यांची पहिले आणि मधले अशी दोन गेलेली. ते म्हणाले, "मग पाना धरायला याला जमत असंल. एकच गेलंय." आणि परत पेपर वाचू लागले. पण त्यानंतर कुणी पाहुणा आला आणि टीव्हीचा विषय निघाला की अण्णा ही गोष्ट सांगू लागले, आणि ती सांगताना त्यांचा उजवा हात खिशात नसे. इतकी वर्षे पाहुण्यांसमोर तो खिशात असे, हे आमच्या आईने आम्हांला दाखवून दिले. आमच्या लक्षात आले नव्हते.

आईला जहाजाचे कौतुक कमी. तिचे प्रश्न वेगळे. "एवढ्या चारशे माणसांना संडास कुठंय?" आम्ही पाहिलेल्या एकाही भागात संडास दिसला नाही. आमच्या वस्तीत तेव्हा सार्वजनिक संडासापुढे सकाळी रांग असायची, तिला हा प्रश्न पडणारच. भिंतीतल्या कप्प्यातून जेवण बाहेर आलेले पाहून ती म्हणाली, "आन् भांडी कोन घासतं?" अण्णांची तक्रार आणखी वेगळी होती. जहाजाला धक्का बसला की सगळे खुर्च्यांवरून खाली पडत आणि समोरच्या पॅनलमधून ठिणग्या उडत. "पट्टा नाही खुर्चीला? फ्यूज नाही पॅनलला? इंजिन लांब ठेवायची अक्कल हाय आन् फ्यूज नाही?" याला उत्तर नाही. आम्ही शोधले. नाटक दिसावे म्हणून ठिणग्या उडवत, एवढेच.

सरकणारी दारे मात्र सगळ्यांना आवडायची. माणूस जवळ गेला की दार आपोआप बाजूला. तेव्हा पुण्यात असले दार आम्ही कुठे पाहिले नव्हते. खरी गोष्ट अशी की, भिंतीमागे कामगार उभे असत आणि ते दार ओढत. कधी वेळ चुकली की नट दारावर आदळायचा. पैसा कमी होता. दर आठवड्याला एवढे जहाज नव्या ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून जहाज उतरतच नाही, माणसे झगमगत गायब होऊन खाली प्रकट होतात अशी युक्ती काढली. लोकांना ती विज्ञानाची भरारी वाटली. ती उधारीची वही होती. संग्रहालयातल्या त्या अकरा फुटी जहाजाचेही तसेच: त्याची उजवी बाजूच पूर्ण केलेली आहे. आतल्या दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने बाहेर काढल्या होत्या, त्यामुळे ती बाजू कॅमेऱ्याला दाखवायची नाही.

आता जहाजाच्या डोक्यावरच्या खोलीविषयी, जिथून ते चालवतात. ती गोल आहे. मधे खालच्या चौकात कप्तानाची खुर्ची, भोवतीने एक पायरी वर असलेला कट्टा, कट्ट्यावर बाकीच्यांची कामाची जागा. म्हणजे कप्तान खाली आणि काम करणारे वर. गावाकडच्या चावडीत आमच्या आजोबांनी कुणाला कुठे बसलेले पाहिले होते ते ज्यांना माहीत आहे, त्यांच्या डोळ्यांना ही मांडणी सुखावते. हे जेफरीजच्या मनात नसेलही. कॅमेऱ्याला सगळे दिसावेत म्हणूनही तसे केले असेल. पण त्या वरच्या कट्ट्यावर, कप्तानाच्या पाठीमागे, एक काळी स्त्री बसत होती. लेफ्टनंट उहुरा. जहाजाचे सगळे संदेश तिच्या हातात. काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायला निघाल्या होत्या. तेव्हा एका समारंभात मार्टिन ल्यूथर किंग त्यांना भेटले आणि सोडू नका म्हणाले, ही हकिगत त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितली. १९७७ पासून त्यांनी नासासाठी स्त्रियांना आणि काळ्या तरुणांना अंतराळवीर होण्यासाठी पुढे आणण्याचे काम केले. १९९२ साली मे जेमिसन या अवकाशात जाणाऱ्या पहिल्या काळ्या स्त्री ठरल्या, आणि त्यांनी लहानपणी उहुराला पाहिले होते. निकोल्स २०२२ साली वारल्या.

पण आमच्या ताईच्या लक्षात राहिले ते वेगळेच दृश्य. १९६७ सालच्या एका भागात संदेशाचे यंत्र बंद पडते. उहुरा दुसऱ्या कुणाला बोलावत नाही. पॅनल उघडते, हत्यार घेते आणि स्वतः तारा जोडत बसते. काम नाजूक आहे, आणि हे तिच्याइतके चांगले कुणाला जमणार नाही असे तिचा वरिष्ठ तिला सांगतो. ताईने हे दृश्य लहानपणी पाहिले तेव्हा तिला शब्द कळले नव्हते, हत्यार कळले होते.

म्हणून तिच्या मुलीने दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घ्यायचा म्हटले तेव्हा ताईने लगेच हो म्हटले. घरात वादळ झाले. मामा-काका म्हणाले, बँकेच्या परीक्षा दे, डी.एड. कर, मुलीच्या जातीला पान्हे आणि पक्कड कशाला? हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते अण्णांचे. अण्णा ठाम नाही म्हणाले. "आपल्या घरातून मशीनला दोन बोटं दिलीत. आता बास." त्यावर कुणाला बोलता येईना. नात रडली, दोन दिवस जेवली नाही. मग एक दिवस अण्णांनीच कपडे घातले आणि म्हणाले, "चल, वर्कशॉप दाखव."

ते दोघे गेले. शिक्षकांना वाटले, आजोबा फीविषयी विचारायला आले. अण्णांनी फीविषयी काही विचारले नाही. ते मशीनपासून मशीनपर्यंत फिरले. मोटारीच्या पट्ट्यावर झाकण आहे का बघितले. लाल रंगाचे बंद करायचे बटण कुठे आहे, ते उभ्या माणसाच्या हाताला लागते का, हे स्वतः उभे राहून बघितले. पॅनलपुढे रबरी चटई आहे का, ती फाटलेली तर नाही ना, वाकून बघितले. एका ड्रिलचा गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेला होता. तो त्यांनी उचलून शिक्षकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा बसवा, मग आमची पोरगी उद्यापासून येईल." शिक्षक चांगला माणूस होता. त्यांनी समोर बसवून घेतला.

नात शिकली. आता कामाला आहे, रोज मोठ्या इमारतींच्या पॅनलवर काम करते. तिच्या पिशवीत चाचणीचा पेन आणि रबरी हातमोजे असतात. हातमोजे घातल्याशिवाय अण्णा तिला घरातला बल्बसुद्धा बदलू देत नाहीत, हे जरा जास्त होते, पण त्यांना कोण सांगणार.

विज्ञानकथा मराठीतही आहेत, नाही असे नाही. डॉ. जयंत नारळीकर १९८८ साली आयुका उभी करायला पुण्यात आले, २०२५ च्या मे महिन्यात इथेच वारले. त्यांचे 'यक्षांची देणगी' १९७९ सालचे. आम्ही ते वाचले, आवडले. पण आमच्या वाचनात आलेल्या मराठी गोष्टींत यान येते ते निघण्यासाठी किंवा पोहोचण्यासाठी. त्यात शिडी कुठे आहे, फ्यूज कुठे आहे, रात्रपाळीला कोण आहे, हे कुणी सांगत नाही. लिहिणारे बहुतेक प्राध्यापक किंवा डॉक्टर. एखाद्या फिटरने लिहिली तर बघायला आवडेल.

गेल्या वर्षी विहारातल्या अभ्यासवर्गाच्या मुलांनी हे जहाज करायला घेतले. केकच्या खाली येतात त्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, कापडाच्या दुकानातून मागून आणलेली पुठ्ठ्याची नळकांडी, खांबांना बांबूच्या कामट्या. जहाज झाले, दोरीने छताला टांगले आणि ते गर्रकन फिरून उलटे झाले. नळकांडी जड, थाळी हलकी. मुले हिरमुसली. धाकट्याने त्यांना सांगितले की जेफरीजच्या पहिल्या छोट्या नमुन्याचे अगदी हेच झाले होते. त्याचीही नळकांडी जड लाकडाची होती. जहाज उलटे लटकले, रॉडेनबेरींना ते उलटेच आवडले आणि त्यांची समजूत घालताना जेफरीजच्या नाकी नऊ आले होते. मुलांना धीर आला. त्यांनी थाळीच्या पोटात मूठभर खिळे चिकटवले, जहाज सरळ झाले.

आत दिवे बसवायचे काम नातीकडे आले. तिने छोटे दिवे लावले, तारा डाव्या बाजूने काढल्या, संग्रहालयातल्यासारख्या. अण्णा खुर्चीवर बसून बघत होते. ते म्हणाले, "दिवा गेला तर थाळी फोडणार का?" तिने पुन्हा सगळे उघडले. थाळीच्या खालच्या अंगाला हात जाईल एवढे भोक पाडले आणि त्यावर पुठ्ठ्याचे सरकते झाकण केले. झाकण अजून जरा घट्ट बसते, मेण लावायचे राहिले आहे.